डोंगरउतारावर घर बांधताना पाया कसा निवडावा?

येलवाल (म्हैसूर) : म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २७५ शहराबाहेर पडल्यावर येलवाल गाठतो. विनोबा भावे यांच्या प्रेरणेने सप्टेंबर १९५७ मध्ये येथे भरलेल्या ग्रामदान परिषदेमुळे हे नाव जुन्या मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. येलवालची जमीन सपाट, तांबड्या मातीची असून थोड्या खोलीवर कठीण खडक लागतो. अशा जमिनीवर घराचा पाया घालण्याची रीत ठरून गेलेली आहे. चर खणायचा, कठीण थर लागला की दगडी बांधकाम वर आणायचे, त्यावर जोते आणि भिंती उभारायच्या. ही रीत येथे पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडली.

हाच महामार्ग हुणसूर, कुशालनगर ओलांडून सुमारे शंभर किलोमीटरवर मडिकेरीच्या डोंगरात शिरतो आणि पुढे जोडुपाळमार्गे किनाऱ्याकडे उतरतो. ऑगस्ट २०१८ मधील अतिवृष्टीत मडिकेरी आणि जोडुपाळच्या परिसरात दरडी कोसळल्या. त्यात घरे वाहून गेली, महामार्ग खचला आणि अनेकांचे प्राण गेले. यातील काही घरे अलीकडच्या काळात, सिमेंट आणि लोखंड वापरून बांधलेली होती. त्यांच्या भिंती किंवा छपरे कमकुवत होती असे म्हणता येणार नाही. ती ज्या जमिनीवर उभी होती, ती जमीनच खाली सरकली.

सपाट जमिनीवर योग्य ठरलेला पाया उतारावर अपुरा का पडतो, उतारासाठी पायाचे कोणते प्रकार उपलब्ध आहेत आणि कोणत्या ठिकाणी कोणताही पाया घराला वाचवू शकत नाही, हे प्रश्न केवळ कोडगूपुरते मर्यादित नाहीत. रायगड, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर आणि पुण्याच्या मावळ भागात, तसेच गोव्याच्या डोंगराळ तालुक्यांत घर बांधू इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबासमोर ते उभे आहेत.

सपाट जमीन आणि उतार यांतील फरक

सपाट जमिनीवरील पायाला मुख्यतः एकच काम असते. घराचे वजन पुरेशा क्षेत्रावर पसरवून जमिनीत उतरवणे, हे ते काम. जमिनीची भारवहन क्षमता ठाऊक असली की पायाची रुंदी व खोली ठरविता येते.

उतारावर आणखी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. पहिली गोष्ट म्हणजे उतारावरची माती स्वतःच्या वजनाने सतत खाली येऊ पाहत असते. मातीच्या कणांमधील घर्षण आणि चिकटपणा तिला धरून ठेवतात. घराचे वजन वाढले किंवा उताराचा पायथा कापला की हा तोल बिघडतो. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. पावसाचे पाणी मातीच्या पोकळ्यांत भरले की तिचे वजन वाढते आणि कणांमधील पकड मात्र सैल होते. म्हणूनच बहुतेक दरडी पावसाळ्यात, सलग काही दिवसांच्या संततधारेनंतर कोसळतात.

उताराचा तीव्रपणा केवळ डोळ्यांनी पाहून नीट कळत नाही. पुण्यातील टेकड्यांवरील बांधकामाच्या वादात १:५ हे प्रमाण नेहमी पुढे येते. पाच मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ, असा त्याचा अर्थ असून हा उतार सुमारे ११ अंशांचा भरतो. चालणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही. दोन मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ असेल तर उतार सुमारे २७ अंशांचा होतो आणि तेथे मोकळ्या मातीचा भराव स्थिर राहणे कठीण असते. घराच्या आराखड्यापूर्वी भूखंडाची समपातळी रेषांसह मोजणी करून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.

खाली काय आहे, हे आधी पाहावे

पायाचा प्रकार जमिनीच्या पोटात काय दडले आहे त्यावर ठरतो. सह्याद्रीत आणि त्याला लागून असलेल्या डोंगराळ भागात साधारणपणे तीन प्रकारची परिस्थिती आढळते.

महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावर बसाल्ट म्हणजे काळा कातळ आहे. त्यावर मुरूम आणि मुरमावर माती असा क्रम बहुधा दिसतो. मुरूम घट्ट असल्यास पायासाठी उत्तम असतो. मात्र लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी तांबड्या, मातीसारख्या मऊ खडकाची पट्टी असते. ती पाण्याने मऊ होते आणि तिच्यावरचा भाग सुटा होऊ शकतो. डोंगरकड्याखालचा उतार तर अनेकदा वरून कोसळलेल्या दगडमातीचाच बनलेला असतो.

कोकण, गोवा आणि कर्नाटकच्या किनारी पट्ट्यात वर जांभा दगड असतो. हवेत उघडा राहिलेला जांभा कठीण असतो, म्हणून त्याचे चिरे काढून घरे बांधली जातात. त्याच्या खाली मात्र अनेक ठिकाणी पांढरट, पिवळसर किंवा गुलाबी रंगाची मऊ माती लागते. कोरडी असताना ती टणक वाटते आणि खोदकामात जवळजवळ उभी राहते. पाणी लागले की तिचे बळ झपाट्याने कमी होते. वरच्या जांभ्याच्या भरवशावर डोंगर उभा कापणे धोक्याचे ठरते ते यामुळेच.

कोडगूच्या डोंगरांत खडकावर दाट पावसाने कुजून तयार झालेल्या मातीचे जाड आवरण आहे. हिरवे मळे आणि झाडी यांमुळे उतार स्थिर भासतो. परंतु माती आणि खडक यांच्या सीमेवर पाणी साठले, तर वरचे संपूर्ण आवरण झाडांसकट घसरू शकते.

तपासणीसाठी भूखंडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात किमान एकेक चाचणी खड्डा घ्यावा. एकाच खड्ड्यावर विसंबून राहू नये. खड्ड्यात लागलेला मोठा दगड म्हणजे अखंड कातळ असे गृहीत धरण्याची चूक अनेकदा होते. प्रत्यक्षात तो मातीत रुतलेला सुटा धोंडा असू शकतो. अशा धोंड्यावर पायाचे एक टोक आणि मातीवर दुसरे टोक टेकले, तर घर असमान खचते. शंका असल्यास ड्रिलिंग करून खात्री करून घ्यावी. तपासणी उन्हाळ्यात केली असली तरी पावसाळ्यात तेथे पाणी कोठून येते, याची चौकशी शेजारच्या शेतकऱ्यांकडे अवश्य करावी. श्रावणात वाहणारा झरा चैत्रात दिसत नाही.

डोंगर कापावा की घर पायऱ्यांनी चढवावे?

आजकाल उतारावरील बहुतेक बांधकामांची सुरुवात जेसीबीने होते. डोंगराकडील बाजू कापून निघालेली माती दरीकडे लोटली जाते आणि त्यातून सपाट जागा तयार केली जाते. ही पद्धत झटपट आणि स्वस्त वाटते. मात्र तिच्यात तीन धोके एकत्र येतात.

पहिला धोका असा की कापलेल्या भागामुळे वरच्या उताराचा आधार जातो. दुसरा असा की लोटलेल्या मातीचे वजन खालच्या उतारावर पडते. तिसरा धोका घरालाच असतो. घराचा मागचा अर्धा भाग मूळच्या घट्ट जमिनीवर आणि पुढचा अर्धा भाग भरावावर येतो. भराव काही वर्षे बसत राहतो, मूळ जमीन बसत नाही. परिणामी घराच्या मध्यावर खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात.

कोडगूतील २०१८ च्या दुर्घटनांनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने केलेल्या पाहणीत अतिवृष्टीबरोबरच रस्ते आणि बांधकामांसाठी झालेल्या उतारांच्या कापणीकडे लक्ष वेधले होते. याचा अर्थ डोंगरावर घर बांधूच नये, असा नाही. उताराला घराच्या आकारात बसविण्याऐवजी घराचा आराखडा उताराला अनुसरून करावा, असा आहे.

त्याचे साधे मार्ग आहेत. घराची लांब बाजू समपातळी रेषेला समांतर ठेवावी, म्हणजे कापणी कमी लागते. घर दोन किंवा तीन पातळ्यांवर विभागावे. स्वयंपाकघर वरच्या पातळीवर, बैठकीची खोली चार पायऱ्या खाली, अशी रचना असली की तीन मीटरच्या एका कापणीऐवजी एकेक मीटरच्या तीन कापण्या पुरतात. भराव घालणे अटळ असेल, तर तो १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून आणि धुमस करून घालावा. त्यावर अंगण किंवा बाग असावी. घराच्या भिंतींचा पाया मात्र भरावातून आरपार नेऊन मूळ जमिनीतच टेकवावा.

पायाचे मुख्य प्रकार

*पायऱ्यांचा पाया :* मध्यम उतार आणि थोड्या खोलीवर मुरूम किंवा कातळ असेल तर हा प्रकार सर्वांत सोयीचा आहे. उताराच्या दिशेने जाणाऱ्या भिंतीखाली पायाचा तळ तिरपा न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी खाली नेला जातो. प्रत्येक पायरीचा तळ पूर्णपणे समतल असला पाहिजे. तळ तिरपा राहिला तर पायावरचे वजनच त्याला खाली ढकलू लागते. काम खालच्या पायरीपासून सुरू करून वर न्यावे आणि वरच्या पायरीचे काँक्रीट खालच्या पायरीवर पुरेसे चढवून दोन्ही एकजीव करावेत. गुळगुळीत तिरप्या कातळावर पाया येत असेल, तर कातळ टाकून खडबडीत व समतल करावा आणि त्यात भोके पाडून सळया रोवाव्यात.

उथळ पायांसंबंधीच्या भारतीय मानक १९०४ मध्ये उतारालगतच्या पायासाठी काही मर्यादा दिलेल्या आहेत. पायाच्या खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंतचे आडवे अंतर खडकात किमान ६० सेंटिमीटर आणि मातीत किमान ९० सेंटिमीटर असावे. शिवाय पायाच्या तळकडेपासून आडव्या पातळीशी ३० अंशांचा कोन करून खाली काढलेली रेषा मातीच्या उताराबाहेर पडता कामा नये. सोप्या भाषेत सांगायचे तर पायाखालीच नव्हे, पायासमोरही पुरेशी माती असली पाहिजे. तीव्र उतारावर ही अट पाळण्यासाठी पाया नेहमीपेक्षा बराच खोल न्यावा लागतो. दरीचा देखावा मिळावा म्हणून उताराच्या अगदी काठावर आणलेली घरे बहुधा या अटीत बसत नाहीत.

*खांबांवरील घर :* उतार न कापता आरसीसी खांबांवर घर उभे करणे हा दुसरा मार्ग आहे. प्रत्येक खांबाचे फुटिंग स्वतंत्र असते आणि ती तुळयांनी एकमेकांशी जोडली जातात. यात जमिनीची खोदाई कमी होते आणि पावसाचे पाणी घराखालून वाहून जाऊ शकते. परंतु डोंगराकडील खांब आखूड आणि दरीकडील खांब लांब होतात. त्यामुळे निर्माण होणाऱ्या भूकंपाच्या प्रश्नाचा विचार पुढे केला आहे. शेजारच्या दोन फुटिंगांच्या पातळीत फार फरक असू नये. वरच्या फुटिंगचे वजन खालच्या फुटिंगवर किंवा त्याच्यासाठी केलेल्या खोदाईवर येणार नाही, असे अंतर ठेवावे लागते.

*पाइल :* वरची माती जाड व कमकुवत असून घट्ट थर खोलवर असेल, तर जमिनीत छिद्र पाडून त्यात काँक्रीटचे खांब ओतले जातात. त्यांची डोकी तुळयांनी बांधून त्यावर घर उभारतात. पाइलचे टोक संभाव्य घसरणीच्या पातळीखाली, घट्ट थरात पुरेसे रुतलेले असणे ही यातील मुख्य अट आहे. खर्च अधिक येतो आणि यंत्र जागेपर्यंत नेण्यासाठी रस्ता लागतो. तो रस्ता करण्यासाठी पुन्हा डोंगर कापावा लागणार असेल, तर फायद्यातोट्याचा हिशेब नव्याने करावा. घराचे वजन पेलण्यासाठी केलेले साधे पाइल सरकणारा डोंगर अडवू शकत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. त्यांच्यावर बाजूने मातीचा रेटा आला तर ते वाकतात किंवा मोडतात. उतार स्थिर करण्यासाठीच्या पाइलचे गणित वेगळे असते.

*सलग राफ्ट :* संपूर्ण घराखाली काँक्रीटचा एकच जाड पाट घालण्याची पद्धत मऊ पण सपाट जमिनीवर उपयुक्त असते. उतारावर तिच्यासाठी मोठी सपाट जागा कापावी लागते. अर्धा राफ्ट भरावावर येत असेल, तर त्याचा मूळ उद्देशच विफल होतो. म्हणून तीव्र उतारावर हा पर्याय सहसा टाळला जातो.

संरक्षक भिंत आणि पाणी

डोंगर कापला की संरक्षक भिंत बांधावी लागते. अनेक ठिकाणी ती कुंपणाच्या भिंतीसारखीच समजून गवंड्यावर सोपविली जाते. प्रत्यक्षात या भिंतीवर घराच्या इतर कोणत्याही भिंतीपेक्षा वेगळा आणि मोठा आडवा रेटा येतो.

हा रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भिंतीची उंची दुप्पट झाली तर रेटा चौपट होतो. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी तुंबले तर केवळ पाण्याचा रेटा भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे साडेचार टन भरतो. कोरड्या, मुरमाड मातीसाठी आखलेल्या भिंतीवर पाणी तुंबल्यावर एकूण रेटा साधारण दुपटीवर जातो. संरक्षक भिंती पावसाळ्यात कोसळतात त्या यामुळे.

उपाय महाग नाहीत, मात्र ते बांधकामाच्या वेळीच करावे लागतात. भिंतीमागे खडी-गोट्यांचा जाळीदार थर हवा, माती आणि खडी यांच्यामध्ये गाळणीचे कापड हवे आणि भिंतीत ठरावीक अंतरावर बाहेरच्या बाजूला उतार दिलेली छिद्रे हवीत. पावसाळ्यापूर्वी ही छिद्रे मोकळी आहेत का, हे दर वर्षी पाहावे. छिद्रे गिलाव्याने बुजविली गेल्याचे दृश्य दुर्मीळ नाही. कमी उंचीसाठी दगडांनी भरलेल्या तारेच्या जाळ्यांची भिंत चांगली ठरते, कारण तिच्यातून पाणी आपोआप निघून जाते. कोकणात शेतांच्या आणि बागांच्या पायऱ्यांना कोरड्या दगडांचे बांध घालण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर टिकली आहे.

छपराच्या पाण्याचा हिशेबही महत्त्वाचा आहे. १०० चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० हजार लिटर पाणी जमा होते. पागोळ्यांचे हे पाणी जोत्यालगत मुरू दिले, तर ज्या मातीवर घर उभे आहे तीच मऊ होते. पन्हळी आणि नळ यांनी ते पक्क्या गटारात आणून नैसर्गिक ओहोळापर्यंत नेले पाहिजे. घराच्या वरच्या बाजूला उतारावरून येणारे पाणी अडवून दोन्ही कडांनी वळविणारा चर असावा आणि त्याचा तळ पक्का असावा. सेप्टिक टँकचा शोषखड्डा घराच्या वरच्या बाजूस किंवा संरक्षक भिंतीच्या माथ्याशी असू नये. सपाट प्रदेशात पावसाचे पाणी जमिनीत जिरविणे हितकारक असते. तीव्र उतारावर, घराजवळ मात्र ते गळती नसलेल्या टाकीत साठविणे अधिक सुरक्षित होय.

भूकंपाचा विचार

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने सह्याद्रीतील घरांनाही भूकंपाचा धोका असल्याचे दाखवून दिले. उतारावरील खांबांच्या घराला या बाबतीत एक खास धोका असतो. भूकंपात सर्व खांबांना छताबरोबर सारखेच हलावे लागते. आखूड खांब लांब खांबापेक्षा ताठर असतो. इतर सर्व गोष्टी समान असतील तर निम्म्या उंचीचा खांब आठपट ताठर असतो आणि त्या प्रमाणात अधिक बल स्वतःकडे ओढतो. परिणामी डोंगराकडील आखूड खांबच प्रथम फुटतात. पाहणाऱ्याला मात्र दरीकडील उंच, सडपातळ खांब धोक्याचे वाटत असतात.

यासाठी खांबांच्या उंचीत फार तफावत येणार नाही अशी पायऱ्यांची रचना करावी. आखूड खांबांत संपूर्ण उंचीभर जवळजवळ रिंगा द्याव्यात आणि आवश्यक तेथे काँक्रीटच्या भिंती घालून बल वाटून द्यावे. दगडी किंवा चिऱ्याच्या भिंतींचे घर असेल, तर जोते, खिडक्यांच्या वरची पातळी आणि छत येथे सलग आरसीसी पट्टे असावेत. हे काम ठेकेदाराच्या अनुभवावर न सोडता संरचना अभियंत्याकडून करून घेणे इष्ट.

जेथे पाया हतबल ठरतो

पायाची निवड कितीही काळजीपूर्वक केली तरी तिला एक मर्यादा आहे. घराखालचा संपूर्ण उतार सरकला किंवा वरून दगडमातीचा लोंढा आला, तर घरगुती बांधकामाचा कोणताही पाया उपयोगी पडत नाही.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ जणांचा मृत्यू झाला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक लोक दरडीखाली गाडले गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. कोडगूत ऑगस्ट २०२० मध्ये तलकावेरी येथे ब्रह्मगिरीचा कडा घसरून मंदिराच्या पुजाऱ्यांचे घर गाडले गेले. ३० जुलै २०२४ रोजी केरळच्या वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई आणि चूरलमला परिसरात दगडमातीचा लोंढा कित्येक किलोमीटर वाहत गेला. त्याच्या मार्गात आलेली घरे, शाळा आणि पूल नाहीसे झाले.

या घटनांमध्ये घरांचा पाया उथळ होता की खोल, हा प्रश्न गौण ठरला. जागा कोणती होती, एवढेच महत्त्वाचे ठरले. म्हणून पायाच्या निवडीची पहिली पायरी भूखंड विकत घेण्यापूर्वीच येते. ओढ्याच्या किंवा घळीच्या तोंडाशी, जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर, उभ्या कड्याच्या थेट पायथ्याशी आणि उताराच्या माथ्यावर भेगा पडलेल्या ठिकाणी घर बांधू नये. अशा जागेसाठी अधिक मजबूत पाया शोधणे म्हणजे चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे होय.

नव्या माळीणचा धडा

माळीणच्या आपद्ग्रस्तांसाठी आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले आणि एप्रिल २०१७ मध्ये घरे ग्रामस्थांच्या ताब्यात देण्यात आली. घरे पक्की होती आणि त्यांच्या बांधणीत भूकंपाचाही विचार केलेला होता. त्याच वर्षी जूनमधील पहिल्या जोरदार पावसात तेथील भराव काही ठिकाणी खचला, रस्त्यांना आणि जोत्यांलगतच्या भागाला भेगा पडल्या. दरडीत सर्वस्व गमावलेल्या ग्रामस्थांची भीती पुन्हा जागी झाली. त्यानंतर दुरुस्तीची आणि पाण्याच्या निचऱ्याची कामे हाती घ्यावी लागली.

उतारावर पायऱ्या पाडून नवी वसाहत उभारली की कापणी आणि भराव दोन्ही मोठ्या प्रमाणात करावे लागतात. घराचा सांगाडा मजबूत असूनही त्याभोवतीचा भराव आणि पाण्याचा निचरा यांकडे तितकेच लक्ष द्यावे लागते, हे या अनुभवातून दिसून आले. म्हैसूरच्या चामुंडी डोंगरावरही ऑक्टोबर २०२१ मधील पावसात नंदीकडे जाणाऱ्या रस्त्याची कडा खचली होती. चामुंडीचा मूळ खडक ग्रॅनाइटचा, अत्यंत कठीण आहे. पण कठीण डोंगरही वरच्या सैल मातीला आणि भरावाला आपोआप धरून ठेवत नाही.

घर आधीच बांधले असेल तर

उतारावर यापूर्वीच घर बांधलेल्या कुटुंबांनी काही खुणांकडे लक्ष द्यावे. घराच्या वरच्या बाजूस जमिनीत अर्धवर्तुळाकार भेगा पडणे, विजेचे खांब, झाडे किंवा कुंपण कलणे, दारे-खिडक्या एकाएकी घट्ट होणे, संरक्षक भिंतीला पोट येणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा नव्या ठिकाणी पाणी फुटणे, ही जमीन सरकत असल्याची लक्षणे असू शकतात. उताराच्या भेगा आढळल्यास त्यात पाणी शिरू नये म्हणून त्या चिकणमातीने बुजवून प्लॅस्टिकने झाकाव्यात आणि तहसील कार्यालयाला कळवावे. जोरदार पाऊस सुरू असताना अशी लक्षणे दिसली, तर पाहणीची वाट न पाहता घर सोडून सुरक्षित जागी जावे. भिंतीवरील भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा करून तारखेसह अंतर नोंदविल्यास भेग वाढते आहे किंवा नाही, हे अभियंत्याला समजते.

निर्णयाचा क्रम

डोंगराळ भागात बांधकामासाठी जागेची निवड आणि विकास यासंबंधी भारतीय मानक १४२४३, तर तेथील संरक्षक भिंतींसंबंधी भारतीय मानक १४४५८ उपलब्ध आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये दरडींच्या व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे तयार केले आहेत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या २०२३ च्या दरड नकाशासंग्रहात देशातील १४७ जिल्ह्यांचा समावेश असून त्यात कोडगूप्रमाणेच सह्याद्रीतील जिल्हेही आहेत. हे नकाशे परिसराची कल्पना देतात. एखाद्या भूखंडाचा निर्णय मात्र प्रत्यक्ष पाहणीशिवाय करता येत नाही.

त्यामुळे निर्णयाचा क्रम असा असावा. प्रथम वरचा आणि खालचा संपूर्ण उतार स्थिर आहे का, हे पाहावे. तो स्थिर नसेल, तर जागा सोडून द्यावी. स्थिर असेल, तर पाण्याचे मार्ग निश्चित करावेत. त्यानंतर कमीत कमी कापणी लागेल असा आराखडा करावा आणि सर्वांत शेवटी, खड्ड्यांत दिसलेल्या थरांनुसार पायाचा प्रकार ठरवावा. थोड्या खोलीवर मुरूम किंवा कातळ असेल, तर पायऱ्यांचा पाया पुरतो. कापणी टाळायची असेल, तर जोडलेल्या फुटिंगांवरील खांब योग्य ठरतात. घट्ट थर खोल असेल, तर पाइलचा विचार करावा.

प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा असतो. देखावा पाहून भूखंड घेतला जातो, जेसीबीने सपाटी होते, पाया सपाट जमिनीवरच्या सवयीने घातला जातो आणि पाण्याचा विचार पहिल्या पावसाळ्यानंतर सुरू होतो. भू-तांत्रिक तपासणीचा खर्च घराच्या एकूण खर्चाच्या तुलनेत लहान असतो. खचलेल्या घराचा पाया नंतर बदलण्याचा खर्च मात्र अनेकदा नव्या घराइतका होतो, आणि उतारच सरकला तर तो खर्च करूनही घर वाचत नाही. येलवालच्या सपाट जमिनीवर पायातील एखादी चूक भिंतीवरच्या भेगेवर निभावते. शंभर किलोमीटर पुढच्या डोंगरात त्याच चुकीने संपूर्ण घर आणि त्यातील माणसे गमावण्याची वेळ येऊ शकते.